वऱ्हाडाची विहीर, रात्री साडेआठची सहल: अमावस्या सोडून जा

अमळनेर-पारोळ्याच्या मधल्या काळ्या रानात एका शेतघरानं ‘भुताच्या गावाची’ रात्रसहल सुरू केली आहे. माणशी ९०० रुपये, जेवण त्यातच. दहा वर्षांखालची पोरं घेत नाहीत, ते बरंच आहे. बारा माणसं जमली तरच सहल निघते. पंचवीसच्या वर घेत नाही म्हणतात, पण शनिवारी अमावस्या आली की आकडा चाळिशीला टेकतो आणि मग मागच्या दहा जणांना पुढचं काही ऐकू येत नाही. शेतघराचं नाव इथे देत नाही. त्या भागात अशी सहल काढणारं दुसरं कोणी नाही, विचारलं की सापडेल.

आधी गाव. घर एकही नाही. मारुती आहे, पडका पार आहे, पांढर म्हणजे जुन्या वस्तीची फिकट माती आहे आणि एक बांधीव विहीर. महसुलाच्या कागदावर अशा गावाला ‘बेचिराख’ म्हणतात. आज आपण हा शब्द जळून खाक झालेल्यासाठी वापरतो, पण मूळ फारसी अर्थ साधा आहे: चिराग नसलेलं, बिनदिव्याचं. गाव उठलं, दिवे गेले, पण शिवार आणि नाव तलाठ्याच्या दप्तरात राहिलं. खानदेशात असली गावं जागोजाग आहेत. १८०२ पासून होळकरांच्या फौजा, मागोमाग पेंढारी आणि १८०३-०४ चा दुष्काळ हे सगळं एकापाठोपाठ आलं. १८१८ मध्ये इंग्रजांनी मुलूख ताब्यात घेतला तेव्हा शेकडो गावं ओस पडलेली होती. सहलीत वाट दाखवणारा यातलं अक्षर बोलत नाही. ‘एका रात्रीत गाव उठलं’ एवढ्यावर भागवतो. बेचिराखचा अर्थ त्या काळोखात उभं राहून सांगितला असता, तर अंगावर काटा यायला दुसरं काही लागलं नसतं.

दंतकथा अशी. नदीपलीकडून एक वऱ्हाड येत होतं. रात्र पडली, सगळ्यांच्या घशाला कोरड. गावच्या विहिरीवर पाणी मागितलं तर गावानं नाही म्हटलं. वऱ्हाड विहिरीच्या पायऱ्या उतरलं ते वर आलंच नाही. नवरीचा शाप लागला, गाव उठलं. अजूनही रात्री विहिरीतून सनई-डफडं वाजतं. म्हाताऱ्या माणसांकडून ऐकलं तर या गोष्टीत एक धागा हमखास येतो: पाणी नाकारलं ते जात विचारून. सहलीच्या पाठातून हा धागा काढून टाकला आहे. कोणाला बोचू नये म्हणून काढला असेल, पण त्यामुळे गोष्ट लंगडी झाली. लग्नाच्या वऱ्हाडाला पाणी नाही म्हणणारं गाव खानदेशात सापडायचं नाही. मग या गावानं का म्हटलं? जवळजवळ प्रत्येक गटात कोणीतरी हा प्रश्न विचारतं आणि उत्तर मिळतं, ‘जुनी माणसं तशीच होती.’

आता सहलीचा क्रम. साडेसातपर्यंत शेतघरी पोचायचं. गाडी आंब्याखाली लावायची. पावसाळ्यानंतर पंधरा-वीस दिवस तरी तिथे गाडी लावू नये, काळी माती चाकं धरते आणि मग ट्रॅक्टर बोलवावा लागतो. आठला जेवण. साडेआठला चालायला सुरुवात. पाणंद, मारुती, पांढर, विहीर, पडीक रान आणि परत, मिळून अडीच किलोमीटरच्या आत. अकरा-सव्वाअकरापर्यंत सुटका.

जेवणाला नाव ठेवायला जागा नाही. भरताची हिरवी मोठी वांगी कपाशीच्या पऱ्हाटीच्या जाळावर भाजतात. गॅसवर भाजलेल्या वांग्याला जो ओलसर कच्चेपणा राहतो तो इथे नाही, साल काळं ठिक्कर होऊन आपोआप सुटतं. मग लाकडी बडगीत हिरवी मिरची आणि लसूण आधी ठेचून त्यावर वांगं घोटतात, वरून कांद्याची पात आणि तेलात परतलेले शेंगदाणे. सोबत कळण्याची भाकरी. ज्वारीत उडीद थोडा जास्तच असावा, कारण भाकरी गार झाली तरी वातड होत नाही. शेवभाजीचा रस्सा मात्र झणझणीतच्या पुढे जातो. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांनी आधी चमचाभर चाखून बघावा. भरीत खरं थंडीतलं, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. उन्हाळ्यात वांगं बियाळ होतं, तेव्हा वरण-बट्टी देतात. आणि इथेच पहिली चूक होते. तुपात बुडवलेल्या तीन बट्ट्या पोटात घालून अर्ध्या तासात माणसाला अंधारात चालवायचं, हे जमणारं काम नाही. निम्मा गट जांभया देत असतो. स्वयंपाकघरातल्या मावशी प्रेमानं ‘जेवी ल्या, मंग जावा’ म्हणतात, त्यांना कोणी मोडता घालत नाही. जेवण परतल्यावर ठेवायला हवं, जाताना नुसता चहा आणि मुरमुरे.

पाणंदीतून निघताना सांगतात, ‘मांगे दखू नका.’ हे छान आहे, जुन्या चालीचं आहे, आणि उपयोगाचंही आहे, कारण मागे वळून बघणारा हमखास ठेचकाळतो. पण सांगणाऱ्याच्या कपाळावर पांढऱ्याफेक प्रकाशाची विजेरी असते आणि तो बोलताना प्रत्येकाच्या तोंडाकडे वळतो. अंधाराला डोळे सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि असा एक झोत डोळ्यांत गेला की ती सगळी मेहनत वाया. तो गेल्यावर माणसाला दिसतो तो नुसता काळा पडदा, त्याच्यात ना भूत ना झाड. उपाय दहा रुपयांचा आहे. विजेरीच्या काचेवर लाल जिलेटीन कागद दुहेरी करून रबरानं बांधायचा आणि झोत पायांपुढे दोन पावलांवर ठेवायचा. लाल उजेडानं डोळ्यांचं सरावणं फारसं मोडत नाही. पाहुण्यांना मोबाइलची विजेरी बंद ठेवायला सांगतात, मग हा नियम स्वतःला का नाही?

मारुतीपाशी पाच मिनिटं थांबतात. थांबण्यासारखी जागा आहे. गाव उठून गेलं तरी मारुती उठत नाही, शेजारच्या गावातून कोणी ना कोणी शनिवारी येऊन तेल घालून जातं. शेंदराचा थर बोटभर जाड झालेला आहे आणि त्याच्या पायाशी ताज्या रुईची माळ असते. ओस गावात ताजी माळ! सहलीत याच्याकडे कोणी बोट दाखवत नाही. तिथे उलट मुंजा, देवचार, गिऱ्हा यांची जंत्री सुरू होते. मुंजा ठीक, पिंपळ समोरच आहे, आणि मुंज होऊन लग्नाआधी गेलेला पोर पिंपळावर राहतो ही समजूत इथलीही आहे. पण देवचार तळकोकणातला, गावाची सीम राखणारा. तो तापीच्या खोऱ्यात काय करतोय? इथली पाण्यातली मंडळी म्हणजे साती आसरा. विहिरीच्या कोनाड्यात सात दगड, हळदकुंकू, हिरव्या बांगड्यांचे तुकडे दिसतातही, पण त्यांचं नाव निघत नाही. भुतंदेखील बाहेरून आणायची वेळ आली आहे असं वाटावं इतकी ही यादी परकी आहे.

त्याहून खटकणारी गोष्ट पांढरीच्या टोकाला. तिथे पांढरं लुगडं नेसलेली एक बाई बाभळीआडून येते आणि ‘डाकीण, डाकीण’ म्हणून आरडाओरडा होतो. पोरं किंचाळतात, मोबाइल निघतात. सातपुड्याच्या गावांत डाकीण ठरवून बायकांना मारहाण झाली आहे, गावाबाहेर काढलं गेलं आहे. जिवंत बाईला असं काही ठरवून छळणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. नंदुरबार-धुळ्याकडून आलेल्या गटात हा प्रकार कोणाच्या घरापर्यंत पोचलेला असू शकतो. करमणुकीत हा शब्द नको. ती बाई नसली तरी सहलीचं काही बिघडत नाही. उलट पांढरीकडे नीट बघायला वेळ मिळेल.

पांढर खरंच बघण्यासारखी आहे. शतकानुशतकांची राख, शेण, पडलेल्या मातीच्या भिंती साचून ती फिकट दिसते, चांदण्यात तर पीठ सांडल्यासारखी. धाब्याच्या घरांच्या माळवदावर घालायला लोक ही माती खणून नेत, त्यामुळे ठिकठिकाणी कमरेएवढे खड्डे आहेत आणि त्यांच्या कडा आतून पोकळ झालेल्या. कडेपासून दोन हात लांब राहावं. खापरं पायाखाली कुरकुरतात. खड्ड्याच्या भिंतीत कधी हाड दिसतं आणि मग ‘बघा, वऱ्हाडी’ असं होतं. बहुतेक ते गुराचं असतं. माणसाचं असलं तरी नवल नाही: गिरणेकाठी बहाळच्या पलीकडच्या तीरावर टेकवाडे इथल्या उत्खननात ताम्रपाषाण काळातली दफनं मिळाली आहेत. पांढरीत हाड निघणं आणि गावात भुताची गोष्ट असणं ही जोडी इथे जुनीच आहे. खापर, मणी खिशात घालून नेऊ देतात, ते थांबवायला हवं.

आता विहीर, म्हणजे ज्यासाठी पैसे मोजले ते.

दगडात बांधलेली, उत्तरेकडून पायऱ्या, एका अंगाला मोटेचं पाणी ओतायचं थारोळं आणि बैल चालायची धाव अजून ओळखू येते. सगळे काठाशी उभे राहतात, विजेऱ्या विझतात, आणि थारोळ्यात ठेवलेल्या स्पीकरमधून वाजंत्री सुरू होते. चाळीसेक सेकंदांनी तीच चाल पुन्हा पहिल्यापासून. शिवाय ती हलगी आहे, कोल्हापूरकडची, आणि गोष्टीत सनई-डफडं आहे. तिसऱ्या फेऱ्याला गटातलं कोणीतरी हसतं आणि संपलं. दुसरं नुकसान असं की विहिरीच्या कपारीत गव्हाणी घुबडाची जोडी राहते. स्पीकर लागला की ती पहिल्या मिनिटात उडून जाते. घुबडाच्या पंखांचा आवाज होत नाही. पांढरं तोंड, पांढरं पोट घेऊन काहीतरी विहिरीतून वर येतं आणि डोक्यावरून मुकाट निघून जातं, हे ज्यानं पाहिलं त्याला लुगड्यातल्या बाईची गरज नाही. पण त्या वेळी सगळे स्पीकरच्या दिशेनं तोंड करून उभे असतात.

स्पीकर लावावा का लागतो? कारण सहल अमावस्येला ठेवली. विहिरीतलं वाजंत्री काही सगळं थाप नाही. निरभ्र, बिनवाऱ्याच्या थंड रात्री जमीन लवकर गार होते, जमिनीलगतची हवा गार आणि वरची त्या मानानं गरम राहते. अशा वेळी वर जाणारा आवाज वाकून पुन्हा खाली येतो आणि दिवसा ज्याचा पत्ता लागत नाही असं तीन-चार किलोमीटरवरचं वाजणं रात्री कानाशी येतं. ओलिताची शेतं आजूबाजूला असली तर खालची हवा आणखी गार. त्यात बांधीव विहिरीच्या दगडी भिंतींवरून तोच आवाज परत येतो, म्हणून काठावरच्या माणसाला तो आतून आल्यासारखा वाटतो. तुळशीचं लग्न लागलं की लगीनसराई सुरू होते आणि थंडीही त्याच सुमाराला पडते. आसपासच्या गावांत हळदी, वराती असतात. म्हणजे ज्या रात्री वऱ्हाड वाजतं त्या रात्री खरोखरच कुठेतरी वऱ्हाड असतं. जुन्या सांगण्यातही ‘लगीनसराईत ऐकू येतं’ असंच आहे, अमावस्येचा शब्द नाही. अमावस्येला इथे लग्न धरत नाहीत, वरात निघत नाही, मग विहीर वाजणार कशी? पाहुण्यांना अमावस्या हवी म्हणून तारीख बदलली, तारीख बदलल्यावर विहीर गप्प झाली, आणि गप्प झाली म्हणून स्पीकर आणला.

तेव्हा जायचं तर मार्गशीर्षात किंवा माघात, वद्य चतुर्थी-पंचमीच्या आगेमागे. भिंतीवरच्या कालनिर्णयात दोन गोष्टी बघा: त्या रात्री किंवा तिच्या आधीच्या दिवशी लग्नाचा मुहूर्त आहे का, आणि संकष्टीचा चंद्रोदय कितीला. तो नवाच्या आसपास असेल तर जाताना पूर्ण अंधार मिळतो आणि विहिरीवर उभं असताना पूर्वेला चंद्र वर येतो. पायऱ्यांची एकेक कड पांढरी होत जाते. वारा सुटला असेल किंवा आभाळ भरलं असेल तर आवाजाची आशा सोडा, त्या रात्री फक्त घुबड. विहिरीपाशी निदान पंधरा मिनिटं कोणी बोलू नये. सध्या चार मिनिटं देतात.

काठाबद्दल गंभीर तक्रार. कठडा एका बाजूला ढासळलेला आहे आणि तिथे एक सुतळी बांधून काम भागवलं आहे. चाळीस माणसं काळोखात काठावर उभी करायची तर लोखंडी पाइपचा कठडा हवा, नाहीतर दहा फुटांवर चुन्याची रेघ आणि तिच्या पलीकडे कोणी नाही. पायऱ्या कोणालाही उतरू देत नाहीत, हे अगदी बरोबर. वापरात नसलेल्या खोल विहिरीत तळाशी कर्बवायू साचतो, तो हवेपेक्षा जड असतो, रंग-वास काही नाही. उतरलेला माणूस बेशुद्ध पडतो, त्याला काढायला उतरलेला दुसराही पडतो. ‘ही विहीर माणूस घेते, एकावर भागत नाही’ असं ज्या विहिरींबद्दल म्हणतात त्यांतल्या बऱ्याच अशाच. जुने लोक आधी दोराला कंदील बांधून सोडत, तो विझला की उतरायचं नाही. सहलीत हा कंदील सोडून दाखवला तर दोन मिनिटांचं काम आहे आणि लोक घरी काहीतरी घेऊन जातील.

शेवटचा टप्पा चकव्याचा, आणि सगळ्या सहलीत उजवा. पडीक रानात एका खुंट्यापासून डोळे बांधून साठ पावलांवरच्या वडाकडे सरळ चालत जायचं. पोचत कोणीच नाही. कोणी डावीकडे वळतं, कोणी उजवीकडे, आणि एखादा तर गोल फिरून खुंट्याजवळच येतो. बघणाऱ्यांची हसून मुरकुंडी वळते, डोळ्यांवरची पट्टी काढणारा मात्र हसत नाही. २००९ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी हेच जंगलात आणि वाळवंटात करून पाहिलं: सूर्य किंवा चंद्र दिसत असेल तर माणूस बऱ्यापैकी सरळ जातो, नसेल तर वर्तुळात फिरतो. डोळे बांधले तर वीस मीटरच्या आतल्या गोलातही फिरतो, आणि आपण सरळ चाललो आहोत असंच त्याला वाटत राहतं. रात्रभर त्याच बांधाला येऊन लागणारा शेतकरी खोटं बोलत नव्हता. चकवा लागला तर खाली बसावं, विडी ओढावी, पागोटं सोडून पुन्हा बांधावं, ही जुनी तोड आहे. तिच्यात मुख्य काम बसण्याचं. पाय थांबतात, छाती शांत होते, तोवर एखादं कुत्रं भुंकतं किंवा मोटारीचा पंप ऐकू येतो आणि दिशा लागते. वाट दाखवणारा हे सगळं नीट, हाताच्या खुणांनी, घाई न करता सांगतो. इथे त्याचा स्वतःचा अनुभव बोलतो हे कळतं.

एकच सूचना. नांगरट झाली की हा खेळ नांगरलेल्या वावरात घेतात. तो फसतो, कारण पाय तासात, म्हणजे नांगराच्या चरात, बसतात आणि तास सरळ असतो. माणूस न वळता वडाखाली पोचतो आणि चकवा खोटा ठरतो. खेळ पडीकच हवा आणि सोबत एक माणूस मागे मुकाट चालणारा, कारण उन्हाळ्यात काळ्या रानाला पाऊल जाईल एवढ्या भेगा असतात.

बांधून पायात येतील असे बूट घाला, चपला नकोत. कुसळं, विंचू, आणि घोणस. तिचा फुत्कार कुकरच्या शिटीसारखा लांबलचक असतो, ऐकला की जागच्या जागी थांबायचं. शेतघरी प्रथमोपचाराची पेटी आहे, पण साप चावला तर तिच्यातलं काही कामाचं नाही. १०८ ला फोन आणि थेट सरकारी दवाखाना. फोनला रेंज मारुतीपाशी येते, विहिरीपाशी नाही, हे निघण्याआधी सगळ्यांना सांगायला हवं. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो, कानटोपी न्या. संडास स्वच्छ, पाणी गरम. पैसे आगाऊ निम्मे घेतात आणि बारा माणसं जमली नाहीत तर परत करतात, तेही दुसऱ्याच दिवशी.

गुण द्यायचे तर अमावस्येच्या सहलीला पाचात दोन, तेही भरीत आणि चकव्याचे. लगीनसराईतल्या साध्या रात्री, बारा-पंधरा माणसांत, चार. फोन करताना तीन गोष्टी ठरवून घ्या: जेवण परतल्यावर, बाई नको, स्पीकर बंद. तिन्ही मान्य करतात. फक्त स्पीकरचं दोन दिवस आधी सांगावं लागतं, कारण तो दुपारीच थारोळ्यात नेऊन ठेवलेला असतो.